यूएसएड मोडीत काढलं, ते बरं झालं का?

हिशेबनीस:
यूएसएड म्हणजे परदेशांना मदत देणारी अमेरिकी सरकारी संस्था. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्पनी परकीय मदत ९० दिवसांसाठी गोठवली, मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री रुबिओंनी ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं सांगितलं आणि १ जुलैला यूएसएडचा उरलासुरला कारभार परराष्ट्र खात्यात गेला. माझ्या मते झालं ते बरंच झालं. मदतीचा पहिला थांबा म्हणजे वॉशिंग्टनच्या आसपासचे बडे कंत्राटदार. त्यांचे पगार, ऑफिसभाडं, ओव्हरहेड भागल्यावर उरेल ते उपकंत्राटदाराला. स्थानिक संस्थांना थेट २५ टक्के पैसा द्यायचं २०२१ मध्ये ठरलं, पण गाडी दहा टक्क्यांच्या आसपासच रुतली. अन्नमदतीचा निम्मा माल अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतूनच न्यायचा असा कायदा, आणि त्यांचं भाडं चढं. भुकेल्याच्या नावावर जहाजवाल्यांची रोजगार हमी!

खारीचा वाटा:
जहाजांचा कायदा जागेवरच आहे की! तो बदलायला मतदान लागतं, कार्यक्रम बंद करायला आदेश पुरला. मदतीचं काम करणाऱ्या संस्था आधी खर्च करतात, मग यूएसएडला बिल लावतात. झालेल्या कामाची जवळपास दोन अब्ज डॉलरची बिलं अडकली, प्रकरण तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. जीवरक्षक कामांना जानेवारीतच सूट जाहीर झाली होती, पण बिलं पास करणारे घरी बसवलेले. सूट कागदावर.

तीव्र कुपोषित मुलांना देतात ते तयार अन्नाचं पाकीट बघा. ९२ ग्रॅम, ५०० कॅलरी; शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं. शिजवायला नको, पाणी मिसळायला नको. एका मुलाला सहा ते आठ आठवडे, म्हणजे साधारण दीडशे पाकिटांचा एक खोका. पण मूल शोधतं कोण? आपल्या अंगणवाडीत असते तसली दंडघेराची पट्टी घेऊन फिरणारी बाई. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरलं की मूल यादीत. तिचा पगार थांबला की खोका गोदामात आणि मूल घरात. दुबईत सुमारे ५०० टन पौष्टिक बिस्किटं मुदत संपून नष्ट करायची वेळ आली ती अशाच गोंधळात.

हिशेबनीस:
बिस्किटं सडली हा नालायकपणाच, त्याची वकिली मी करत नाही. पण नायजेरियाच्या संसदेनं लगेच आरोग्यासाठी सुमारे २० कोटी डॉलर वाढवून दिले. आधी का नाही सुचलं? दक्षिण आफ्रिका तर एचआयव्हीच्या गोळ्या स्वतःच विकत घेते. अमेरिकेचा वाटा तिथल्या एचआयव्हीवरच्या एकूण खर्चाच्या १७ टक्क्यांच्या आसपास होता.

खारीचा वाटा:
आणि त्या १७ टक्क्यांत माणसं होती: समुपदेशक, नोंदी ठेवणारे, गोळ्या न्यायला न आलेल्याच्या दारात जाणारे. गोळी सुटली की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो, आणि धरसोड झाली तर औषधाला दाद न देणारा होतो. मग दुसऱ्या फळीची औषधं, जास्त महाग.

मुळाकाठ:
पीएल-४८० विसरू नका, म्हणजे ज्या अमेरिकी कायद्याखाली आपल्याकडे गहू यायचा तो. १९६५-६६ मध्ये अमेरिकी अध्यक्ष जॉन्सननी गहू महिन्या-महिन्याच्या हिशेबानं सोडला, दिल्लीला नाक मुठीत धरून बसवलं. (पुण्यात पन्नाशीच्या दशकात दिसलेलं गाजर गवतही त्याच गव्हातून आलं म्हणतात. फुकटचं कधी फुकट नसतं.) पण १९६६ मध्ये भारतानं जास्त पीक देणाऱ्या मेक्सिकन गव्हाचं १८,००० टन बियाणं मागवलं, पेरलं, तोवर अमेरिकी गहू येतच होता. परावलंबन सुटलं ते हळूहळू, ताट ओढून घेतल्यामुळे नाही.

हिशेबनीस:
"हळूहळू" म्हणजे कधीच नाही. १९६१ मध्ये यूएसएड निघालं तेव्हापासून हळूहळूच चाललं होतं.

खारीचा वाटा:
मग तारखा करारात लिहा. पहिल्या वर्षी निम्मे पगार तिकडच्या सरकारनं उचलायचे, दुसऱ्या वर्षी सगळे. एचआयव्हीच्या गोळ्यांची खरेदी सगळ्यात शेवटी सोडा. निविदा, उत्पादन, जहाज, कस्टम यात नऊ-दहा महिने सहज जातात, आणि माणशी वर्षाला ४५ डॉलरच्या आतला भाव एकत्रित ऑर्डरमुळे मिळतो. मलावीसारख्या देशानं एकट्यानं मागवलं तर तो मिळणं कठीण.