खिडकी उघडण्याआधीच प्रोग्रॅम बंद: 'ऑब्जेक्ट हॅज नो अ‍ॅट्रिब्यूट लेबल'

प्रश्न — विजेट_शिकाऊ

पायक्यूटी ५ (खिडक्या बनवणाऱ्या क्यूटी या सी++ लायब्ररीचं पायथॉन रूप) वापरतो आहे. मुख्य खिडकीत एक स्लायडर आहे आणि त्याचा आकडा दाखवणारं लेबल आहे. इनिटमधला (क्लासचं ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमधला) संबंधित भाग असा:

सेल्फ.स्लायडर = क्यूस्लायडर()
सेल्फ.स्लायडर.सेटरेंज(0, 200)
सेल्फ.स्लायडर.व्हॅल्यूचेंज्ड.कनेक्ट(सेल्फ.आकडा_दाखवा)
सेल्फ.स्लायडर.सेटव्हॅल्यू(जतन_आकडा)
सेल्फ.लेबल = क्यूलेबल()

'आकडा_दाखवा' फक्त लेबलचा मजकूर बदलतं. जतन_आकडा सेटिंगच्या फाइलमधून येतो. फाइल नसेल तर 0.

तीन गोष्टींचा उलगडा होत नाही. नव्या मशीनवर सगळं सुरळीत चालतं, पण एकदा स्लायडर हलवून प्रोग्रॅम बंद केला की पुढच्या वेळी तो सुरूच होत नाही. सेटव्हॅल्यूच्या ओळीभोवती ट्राय-एक्सेप्ट लावलं तरी एरर पकडली जात नाही, प्रोग्रॅम थेट अबॉर्ट होतो. आणि कन्सोलवर एरर येते ती 'लेबल' नाही म्हणून, पण लेबल तर त्याच इनिटमध्ये बनतंय!

उत्तर — सिग्नलकर

लेबल बनतंय, पण एक ओळ उशिरा. सेटव्हॅल्यू ही नुसती किंमत ठेवणारी ओळ नाही. किंमत बदलली की सिग्नल (बदलाची सूचना) तिथल्या तिथे सुटतो, त्याला कनेक्टने जोडलेला स्लॉट (सूचना आली की चालणारं फंक्शन) लगेच चालतो, आणि तो संपल्यावरच सेटव्हॅल्यू परत येतं. म्हणजे तुमचं 'आकडा_दाखवा' इनिट अर्धवट असतानाच चालतं आणि त्या क्षणी सेल्फ.लेबल अस्तित्वात नसतं.

नव्या मशीनवर का चालतं? स्लायडरची किंमत मुळात 0 असते. तुम्ही पुन्हा 0 च दिलीत तर बदल झालाच नाही, म्हणून व्हॅल्यूचेंज्ड सुटत नाही. फाइलमध्ये 35 आला की सुटतो. चूक पहिल्या दिवसापासून आहे, फक्त 0 मुळे झाकली गेली होती.

ट्राय-एक्सेप्टचं कारण वेगळं आहे. तुमच्या पायथॉनमधून कॉल क्यूटीच्या सी++ कोडमध्ये जातो आणि तिथून परत पायथॉनच्या स्लॉटमध्ये येतो. स्लॉटमधली एरर मधला सी++ चा थर ओलांडून तुमच्या ट्रायपर्यंत पोहोचत नाही. पायक्यूटी 5.5 पासून अशी न पकडलेली एरर आली की क्यूफेटल बोलावलं जातं, म्हणजे अबॉर्ट. त्याआधीच्या आवृत्त्या एरर छापून पुढे जायच्या.

तपास करताना मुख्य फाइलमध्ये, अ‍ॅप्लिकेशन बनवण्याआधी, सिस.एक्सेप्टहुकला (न पकडलेली एरर आली की पायथॉन जे बोलावतो त्याला) स्वतःचं फंक्शन द्या. त्याला एररचा प्रकार, एरर आणि ट्रेसबॅक असे तीन आर्ग्युमेंट मिळतात. ट्रेसबॅक फाइलमध्ये लिहा. हुक असला की पायक्यूटी अबॉर्ट करत नाही. कन्सोलशिवाय चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तर हे हवंच, नाहीतर खिडकी का गेली याचा मागमूस राहत नाही.

दुरुस्ती क्रमाची आहे. आधी सगळी विजेट (स्लायडर, लेबल असे खिडकीतले घटक) बनवा आणि लेआउटमध्ये ठेवा. मग रेंज आणि जतन केलेल्या किमती द्या. कनेक्टच्या ओळी त्यानंतर, सगळ्या एका ठिकाणी. आणि शेवटी 'आकडा_दाखवा' ला स्लायडरची चालू किंमत देऊन एकदा हाताने कॉल करा. ही शेवटची ओळ गाळू नका: कनेक्ट उशिरा झाल्यामुळे सुरुवातीचा सिग्नल कोणी ऐकलेला नसतो, म्हणून लेबल रिकामं राहतं. नुसती लेबलची ओळ वर सरकवून भागेल असं वाटतं, पण मग 0 असताना सिग्नल सुटत नाही आणि लेबल पुन्हा रिकामंच.

सेटव्हॅल्यू निदान नावावरून ओळखू येतं. याहून फसवी ठिकाणं: सेटरेंज(10, 200) दिलं की 0 ची किंमत आपोआप 10 होते आणि व्हॅल्यूचेंज्ड सुटतो. रिकाम्या कॉम्बोबॉक्समध्ये पहिला आयटम टाकला की निवड -1 वरून 0 वर जाते, तिथेही सिग्नल. टॅबविजेटमध्ये पहिला टॅब जोडला की करंटचेंज्ड.

उत्तर — थरावर_थर

वरचं उत्तर बरोबर आहे. याच आजाराचं दुसरं रूप क्लासच्या वारशात (इनहेरिटन्समध्ये) दिसतं आणि ते शोधायला जास्त अवघड असतं, कारण दोन फाइली उघडून वाचाव्या लागतात.

बेस क्लासचं इनिट 'यूआय_बांधा' बोलावतं. डिराइव्ह्ड क्लास ते ओव्हरराइड करतो (त्याच नावाची स्वतःची मेथड लिहितो) आणि आत सेल्फ.मॉडेल वापरतो. पण सेल्फ.मॉडेल भरलं जातं सुपरच्या इनिटनंतरच्या ओळीत. मग तीच अ‍ॅट्रिब्यूट एरर. पायक्यूटीत साधी पायथॉनची किंमत सुपरच्या आधी सेल्फवर ठेवता येते, पण क्यूटीची कोणतीही मेथड त्याआधी बोलावली तर 'सुपर-क्लास इनिट वॉज नेव्हर कॉल्ड' अशी रनटाइम एरर येते. मला विचाराल तर बेसच्या इनिटमधून ओव्हरराइड होणारी मेथड बोलावूच नये. डिराइव्ह्ड क्लासने स्वतःच्या इनिटच्या शेवटी ती बोलवावी.

भाषा बदलली की लक्षण बदलतं. सी++ मध्ये बेस कन्स्ट्रक्टरमधून व्हर्च्युअल फंक्शन बोलावलं तर बेसचंच चालतं, डिराइव्ह्डचं नाही. एरर येत नाही, खिडकी अर्धवट दिसते. शिवाय तिथे मेंबर घोषणेच्या क्रमाने तयार होतात, इनिशियलायझर यादीत तुम्ही कोणताही क्रम लिहा. जीसीसी या कंपायलरला -Wall हा फ्लॅग दिला की तो रीऑर्डरची (क्रम जुळत नसल्याची) वॉर्निंग देतो, ती वाचा. जावात मात्र डिराइव्ह्डची मेथड चालते आणि तिला फील्ड नल दिसतं. स्विंगमध्ये (जावाच्या खिडक्यांच्या लायब्ररीत) अपडेटयूआय ओव्हरराइड करणारे इथेच अडकतात, कारण घटकाचा कन्स्ट्रक्टरच ती बोलावतो. त्यातही फील्डपुढे '= नल' लिहिलेलं असेल तर सुपरच्या कॉलमध्ये भरलेली किंमत नंतर पुसली जाते! सी# मध्ये फील्डच्या किमती बेस कन्स्ट्रक्टरच्या आधी बसतात, पण डिराइव्ह्डच्या कन्स्ट्रक्टरच्या अंगात भरलेलं काहीही तेव्हा नसतं.

उत्तर — विजेट_शिकाऊ

क्रम बदलला, चालू झालं. 'आकडा_दाखवा' चा शेवटचा कॉलही टाकला. आणखी एक: त्याच इनिटमध्ये आलेखाच्या विजेटची रुंदी वाचतो तर 100 आणि उंची 30 येते, स्क्रीनवर तो त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. टाइमरचा सिंगलशॉट 0 मिलिसेकंदांवर लावला की बरोबर आकडे मिळतात. तसंच ठेवू का?

उत्तर — सिग्नलकर

100 गुणिले 30 हा पालक असलेल्या (म्हणजे दुसऱ्या विजेटच्या आत बसवलेल्या), अजून न दाखवलेल्या विजेटचा मूळ आकार आहे. पालक नसलेल्या खिडकीचा 640 गुणिले 480. लेआउट खरे आकार वाटतो ते खिडकी दाखवताना. हे दोन आकडे दिसले की समजायचं, मोजणी फार लवकर होते आहे.

सिंगलशॉट ठेवू नका. तो काम इव्हेंट लूपच्या (घडामोडी एकामागून एक हाताळणाऱ्या चक्राच्या) पुढच्या फेरीवर ढकलतो, म्हणून आज आकडे बरोबर येतात, पण उद्या वापरणाऱ्याने खिडकी ओढून मोठी केली की आलेख जुन्याच मापाचा राहील. आलेखाच्या क्लासमध्ये रिसाइझइव्हेंट ओव्हरराइड करा आणि रुंदी तिथे वाचा; पहिल्यांदा दाखवतानाही तो येतो. शोइव्हेंटमध्ये एकदाच करायचं काम टाकणार असाल तर 'काम झालं' अशी खूण व्हेरिएबलमध्ये ठेवा, कारण खिडकी लपवून पुन्हा दाखवली की तो पुन्हा येतो.

उत्तर — मॉड्यूल_वाचक

एक जोड. क्लासच्या बाहेर, फाइलच्या सुरुवातीला क्यूपिक्समॅप (क्यूटीचं चित्र) बनवून ठेवत असाल तर ते इम्पोर्ट होतानाच चालतं, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनच्या आधी, आणि प्रोग्रॅम 'मस्ट कन्स्ट्रक्ट अ क्यूजीयूआयअ‍ॅप्लिकेशन' म्हणत थांबतो. तिथे फक्त चित्राचा पाथ ठेवा, चित्र इनिटमध्ये उघडा. टीकेइंटर या पायथॉनच्या दुसऱ्या खिडक्यांच्या लायब्ररीत फोटोइमेजला 'टू अर्ली टू क्रिएट इमेज' येतं, ते निदान स्पष्ट आहे. पण रूटच्या (मुख्य खिडकीच्या) आधी नुसतं लेबल बनवलं तर टीकेइंटर गुपचूप स्वतःचा रूट बनवतो. मग तुमच्या 'Tk()' च्या ओळीने दुसरी खिडकी उघडते आणि पालक न देता बनवलेलं स्ट्रिंगव्हार (लेबलचा मजकूर धरणारं व्हेरिएबल) पहिल्या खिडकीला बांधलं जातं. दुसऱ्या खिडकीतला मजकूर का बदलत नाही हे शोधत बसण्याआधी खिडक्या मोजा. दोन दिसल्या तर पालक न देता बनवलेलं पहिलं विजेट शोधा.