मदत हवी आहे: आकाशी मादीला लुटिनो नर पिल्लू कसं?

बजी (छोटे पोपट) पक्ष्यांची जोडी: लुटिनो (पिवळा, लाल डोळ्यांचा) नर, आकाशी मादी. लुटिनोचा जीन लिंगाशी जोडलेला, म्हणून माद्या सगळ्या पिवळ्या, नर सगळे हिरवे यायला हवेत. पण पाचपैकी एका पिवळ्या पिल्लाच्या नाकपुड्यांभोवतीचा भाग सरसकट गुलाबी-जांभळा आहे, मादीला असते तशी पांढरी कड अजिबात नाही, म्हणजे नर. टॉर्चखाली डोळे लालच, म्हणजे डबल फॅक्टर स्पँगल (काळ्या डोळ्यांचा दुसरा पिवळा प्रकार) नव्हे. बाप दुसरा धरला तरी गणित सुटत नाही. नर पिवळा व्हायला आईकडूनही तोच जीन लागतो. त्याच पिंजऱ्यात अल्बिनो (पांढरी, पण तोच जीन असलेली) मादी आहे, आणि या मडक्यात एकदा एकाच दिवशी दोन अंडी दिसली (एरवी दिवसाआड एक). त्यातलं एक तिनंच टाकलं असेल का? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून कुणी डीएनएसाठी पिसं पाठवलीत का? मुळासकट किती लागतात?