मदत हवी आहे: आठ घरांची छोटी इमारत भाड्यासाठी विकत घ्यावी का? खर्चाचा आकडा पटत नाहीये

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून शहरातली एक छोटी इमारत विकत घ्यायच्या विचारात आहोत, राहायला नाही, निव्वळ भाड्याच्या उत्पन्नासाठी. तळमजला धरून चार मजले, दर मजल्यावर दोन अशी आठ घरं, मालक एकच, आणि विकायची तर सगळी इमारत एकदम, सुटी घरं देणार नाही म्हणतात. इमारत जुनी आहे पण भिंतीबिंती बऱ्या दिसतात, जागा मोक्याची आहे, घरं फार दिवस रिकामी पडत नाहीत असं शेजारपाजारचेही सांगतात. मला स्वतःला हे मनापासून आवडलंय, कारण वेगवेगळ्या ठिकाणी दोन-तीन फ्लॅट घेऊन ठेवण्यापेक्षा एका छपराखाली आठ घरं असली की एक रिकामं झालं तरी सात चालू राहतात आणि दुरुस्तीचा निर्णय घ्यायला कुणाच्या मीटिंगची वाट बघावी लागत नाही. अर्थात ते छप्परही मग आपलंच, गळलं तर आपणच निस्तरायचं, हे कळतंय.

अडचण आकड्यांची आहे. खरे आकडे इथे टाकत नाही, प्रमाण कळावं म्हणून वर्षाचं सगळं भाडं १०० धरते. त्या हिशोबाने मागितलेली किंमत १००० होते. मालकांनी एक पानी तक्ता दिलाय, भाडं १००, खर्च २०, हातात ८०, म्हणजे कॅप रेट (किमतीवर वर्षाला मिळणारं निव्वळ उत्पन्न) ८ टक्के, आणि भाऊ त्या ८ वर खूश आहे. पण मी तो २० चा आकडा उलगडून बघितला तर मालमत्ता कर, विमा आणि जिन्यातले दिवे, पंप, पाणी, साफसफाई यातच १९ जातात, दुरुस्तीला राहतो १. आठ घरांच्या जुन्या इमारतीची वर्षभराची दुरुस्ती एकूण भाड्याच्या एक टक्क्यात होते हे माझ्या डोक्यात बसत नाही. विचारलं तर म्हणाले मी स्वतःच बघतो सगळं, प्लंबर ओळखीचा आहे. ते तळमजल्यावरच राहतात त्यामुळे खरंही असेल, पण आम्ही तिथे राहणार नाही ना. आणि हो, ते राहतात त्या घराचं भाडंसुद्धा त्या १०० मध्ये धरलंय, 'बाजारभावाने' असं शेजारी बारीक अक्षरात लिहून. म्हणजे आज प्रत्यक्षात ते भाडं येतच नाहीये.

मी माझ्या परीने पुन्हा मांडणी केली. घरं रिकामी राहणं आणि बुडीत भाडं मिळून ६ वजा. मग ते वरचे १९ तसेच ठेवले, दुरुस्तीला ८, कुणालातरी देखरेखीला ठेवायचं तर ६, आणि छत, पाइप, टाकी असल्या मोठ्या कामांसाठी दरवर्षी बाजूला टाकायचे ५. असा खर्च ३८ होतो आणि हातात राहतात ५६, म्हणजे कॅप रेट ५.६. आता किमतीच्या ६० टक्के कर्ज काढलं, म्हणजे ६००, व्याज ७ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली तर वर्षाचे हप्ते ५५.८ होतात. म्हणजे भाडं आलं आणि बँकेत गेलं, आमच्या स्वतःच्या ४०० वर शून्य. मुद्दल फिटतंय तेवढाच फायदा, पहिल्या वर्षी तो १४ च्या आसपास आहे. व्याज ८ झालं तर वर्षाला चारेक खिशातून घालायचे. भाऊ म्हणतो ताई तू सगळंच वाईट धरतेस, एवढा खर्च कुणी करत नाही.

तर जाणकारांनो, माझा ३८ चा आकडा खरंच फुगलेला आहे का? मालकांकडे दुरुस्तीची बिलं नाहीत, तर गेल्या काही वर्षांत खरंच किती खर्च झाला हे शोधायचं कसं? आणि तिसरं म्हणजे पाणी. वरच्या मजल्यावरच्या घरात बाथरूमचा नळ उघडला तर करंगळीएवढी धार, खाली तळमजल्यावर भरपूर जोर. पाइप सगळे जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे आहेत, जिन्याच्या खिडकीतून बघितलं तर डक्टमध्ये (पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) दोन सांध्यांवर तपकिरी ओघळ आणि पांढरे फुटवे आलेत. हे किती गंभीर समजायचं?

प्रतिसाद १

ताई, आकडा फुगलेला नाही. ६ आणि ३८ मिळून ४४ होतात, आणि या धंद्यात जुन्या छोट्या इमारतींसाठी ढोबळ हिशोब असाच करतात की हप्ता सोडून भाड्यातलं जवळपास निम्मं जातं. ढोबळच आहे, प्रत्येक ठिकाणी तेवढंच जाईल असं नाही, पण २० टक्क्यात चालते म्हणणाऱ्याने कागद दाखवायला हवेत. देखरेखीचे ६ अजिबात काढू नका, भाऊ स्वतः बघणार असला तरी. त्याची ती मेहनत आहे, तिचे पैसे इमारतीच्या परताव्यात मोजले तर कामाचा पगार आणि गुंतवणुकीचं व्याज यांची सरमिसळ होते, आणि उद्या तो दुसऱ्या शहरात गेला की परतावा एकदम खाली येतो.

दुरुस्तीचा खरा खर्च इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्येही दिसत नाही, कारण घरभाड्यावर ठरावीक ३० टक्के वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही असो; पण भाडं किती दाखवलंय आणि मालमत्ता कर किती भरलाय ते तिथे कळतं. विकताना माणसाला भाडं जास्त दाखवावंसं वाटतं आणि कर भरताना कमी, त्यामुळे त्यांचा तक्ता आणि गेल्या तीन वर्षांची रिटर्न शेजारी शेजारी ठेवून बघा, फरक तिथेच दिसेल. रिटर्न द्यायला तयार नसतील तर तेही एक उत्तरच आहे. भाड्याच्या यादीवरही जाऊ नका, बँकेच्या खात्यात दरमहा प्रत्यक्ष काय जमा झालं आणि दुरुस्तीसाठी काय गेलं ते बघा. प्रत्येक भाडेकरूकडून एक लेखी कागद घ्या, भाडं किती, डिपॉझिट किती, करार कधीपर्यंत, मालकाने तोंडी काही कबूल केलंय का. इमारत विकली म्हणून करार संपत नाहीत, ते तुमच्या गळ्यात येतात, आणि डिपॉझिट परत करायची जबाबदारीही बहुतेक वेळा नव्या मालकावरच येते, म्हणून ती रक्कम किमतीतून वळती करून घ्या.

अजून एक. कर आणि विमा त्यांच्या बिलावरून धरू नका. काही ठिकाणी विक्रीनंतर मालमत्तेचं मूल्यांकन नव्याने होतं आणि कर वाढू शकतो. विम्याचं कोटेशन तुमच्या नावाने, आजच्या बांधकाम खर्चावर मागवा. तुमचे १९ चे २२-२३ झाले तर नवल नाही.

प्रतिसाद २

मी इमारत दुरुस्तीच्या कामात आहे म्हणून फक्त पाण्याबद्दल सांगतो. टाकी गच्चीवर असेल तर वरच्या मजल्याला जोर कमीच असतो, कारण टाकीची उंची तिथे सगळ्यात कमी मिळते, त्यामुळे नुसत्या बारीक धारेवरून पाइप खराब म्हणता येत नाही. पण जीआय पाइप आतून गंजतो, गंज साचत जातो आणि भोक लहान होत जातं, बाहेरून काही कळत नाही. ओळखायला सोपं आहे. त्या घरात सकाळी पहिलं पाणी बादलीत काढा, तांबूस येतंय का बघा. मग एक नळ चालू ठेवून दुसरा उघडा, पहिल्याची धार एकदम मेली तर पाइप आतून भरलाय. खालच्या एक-दोन घरांतही हेच करा, तिथे टाकीची उंची भरपूर मिळते म्हणून तिथे धार मेली तर शंका ठेवू नका.

सांध्यांवर पांढरे फुटवे आणि तपकिरी ओघळ म्हणजे तिथून आधी गळून गेलंय किंवा अजून झिरपतंय. तो सांधा बदलून भागत नाही, जुन्या पाइपला पाना लावला की पुढचा आटा तुटतो, हे रोजचं आहे. मी असतो तर सगळी उभी लाइन बदलायचा खर्च आत्ताच किमतीतून मागितला असता. आणि बदलताना बाथरूमच्या टाइल्स फुटतात, भाडेकरूंचं पाणी बंद राहतं, तो खर्च लोक धरतच नाहीत. सांडपाण्याच्या लाइनमध्ये कॅमेरा टाकून बघा, विशेषतः इमारतीपासून रस्त्यावरच्या मुख्य गटारापर्यंतचा तुकडा, तो जमिनीखाली असतो आणि तुंबला तर आठही घरांचं एकदम तुंबतं. मीटर रूममध्येही उभं राहून या, पंप आणि जिन्याचे दिवे कुठल्या मीटरवर आहेत ते वायर धरून बघा. कधी कधी ते एखाद्या भाडेकरूच्या मीटरवर निघतात आणि त्याबदल्यात त्याला भाडं कमी असतं.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार, किती नेमकं सांगितलंत. वायरचं तर डोक्यातच आलं नव्हतं, आणि एका घराचं भाडं बाकीच्यांपेक्षा बरंच कमी आहे त्याचं कारण कदाचित तिथेच सापडेल. रिटर्न मागितली आहेत, देतो म्हणालेत.

मधल्या काळात मी उलटा हिशोब केला. बँकेने सांगितलं की निव्वळ उत्पन्न वर्षाच्या हप्त्यांच्या किमान १.२५ पट दिसायला हवं. ५६ ला १.२५ ने भागलं तर हप्ते ४४.८ च्या वर जाता कामा नयेत, तेवढ्यात याच व्याजाने आणि मुदतीने साधारण ४८० कर्ज बसतं, आणि ते किमतीच्या ६० टक्के धरलं तर किंमत होते ८००. म्हणजे १००० मागतायत त्यातले २०० कमी व्हायला हवेत, आणि पाइपचं काम त्याच्या खाली वेगळं. भावाचं म्हणणं भाडी आज बाजारापेक्षा कमी आहेत, वाढवली की सगळं सुटेल, म्हणून ९०० ला तरी घ्यावी. मला ते पटत नाहीये पण ठामपणे उत्तर देता येत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद १

भावाला एकच विचारा, भाडं वाढवायची मेहनत तुम्ही करणार, घर मधे रिकामं राहिलं तर तोटा तुमचा, रंगरंगोटीचा खर्च तुमचा, मग त्या वाढीचे पैसे मालकाला आजच का द्यायचे? किंमत आजच्या खऱ्या उत्पन्नावर ठरते, वाढ झाली तर ती तुमची कमाई. आणि आजचं खरं उत्पन्न म्हणजे मालकाचं घर धरून नव्हे, ते रिकामं होऊन, दुरुस्त होऊन भाड्याने जाईपर्यंत काही महिने तिथून काहीच येणार नाही. पहिल्या वर्षाचा हिशोब वेगळा मांडा. शिवाय काही शहरांत भाडं किती वाढवता येतं याला कायद्याची मर्यादा असते, ती वकिलाकडून आधी समजून घ्या, मगच त्याच्या ९०० वर बोला.

भावाबहिणींनी मिळून घेताय तर आणखी एक सुचवतो. मोठं काम निघालं आणि एकाकडे त्या वेळी पैसे नसले तर काय, आणि एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी ठरवायची, एवढं तरी लिहून ठेवा. तुमचं पटतंय तोवरच लिहा, तेव्हा ते सोपं जातं.

धागाकर्ती

हे भावाला जसंच्या तसं वाचून दाखवलं, गप्प बसून ऐकलं त्याने आणि मग स्वतःच म्हणाला की आधी मंजूर नकाशाची प्रत काढू, कारण गच्चीवर जिन्यालगत एक खोली आहे ती नकाशात आहे का हे आम्हाला अजून माहीत नाही. लेखी करार करायलाही तयार आहे.

शेवटचं एक विचारते. ड्रेनेजमध्ये कॅमेरा टाकणं आणि स्ट्रक्चरल ऑडिट याचा खर्च मालक करायला तयार आहेत, त्यांच्या ओळखीच्या माणसाकडून. करू द्यावा का?

प्रतिसाद २

नको. पैसे तुम्ही भरा आणि माणूस तुम्ही आणा. जो पैसे देतो त्याच्यासाठी रिपोर्ट लिहिला जातो, आणि उद्या त्यात काही चुकलं तर तुम्हाला त्या माणसाला जाब विचारता यायला हवा. टोकन देण्याआधी करारात एवढं घाला की दोन्ही रिपोर्ट समाधानकारक नसले तर टोकन पूर्ण परत. मालक याला नाही म्हणाले तर थांबा, घाई करू नका.