मेरी ब्लेअरचे रंग अंगावर घालून डिस्नेलँडला: कापड, वाट आणि सल्ले हवेत

केतकी_सनीवेल

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही गाडीने डिस्नेलँडला, म्हणजे अनाहाइमला जायचं म्हणतोय. लेकीला राजकन्यांना भेटायचंय. मला भेटायचंय मेरी ब्लेअरला, म्हणजे तिच्या कामाला. ती बाई १९७८ सालीच गेली.

नाव नवीन असेल त्यांच्यासाठी: 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' ही होडीतली राइड आठवते ना, गोल चेहऱ्याच्या बाहुल्या आणि डोक्यातून न जाणारं ते गाणं? तिचं सगळं रूप मेरी ब्लेअरच्या हातचं. जन्म १९११, ओक्लाहोमा. पण वाढली इथे मॉर्गन हिलला, शिकली सॅन होजे स्टेटला आणि मग लॉस एंजेलिसच्या शुइनार्ड कलाशाळेत. म्हणजे जवळजवळ आमच्या गल्लीतलीच. इथे इतकी वर्षं राहूनही मला हे कोणी सांगितलं नव्हतं!

१९४० साली ती डिस्नेत लागली. तोवर ती आणि तिचा नवरा ली, दोघंही जलरंगात चित्रं करायचे. तिची त्या काळातली चित्रं छान आहेत, पण ढगाळ. १९४१ साली वॉल्ट डिस्ने आपल्या काही कलाकारांना घेऊन दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, त्यात ही होती. परत आली ती निराळीच चित्रकार होऊन. गुलाबीला खेटून शेंदरी, जांभळ्यावर पोपटी, सावल्या गायब, आकार कात्रीने कापल्यासारखे सपाट. सिंड्रेला, अ‍ॅलिस आणि पीटर पॅनसाठी तिने केलेली कल्पनाचित्रं, म्हणजे चित्रपट बनायच्या आधीची चित्रं बघा. मी तर म्हणेन की चित्रपटांपेक्षा ती सरस आहेत. पडद्यावर येईपर्यंत अ‍ॅनिमेटर मंडळींनी सगळं गोल गुळगुळीत करून टाकलं. अ‍ॅलिसमधली पत्त्यांची पलटण तेवढी बरीचशी तिची राहिली.

आता मुद्द्याचं. मला तिच्यासाठी सजून जायचंय, पण किल्ला छापलेला टीशर्ट आणि उंदराचे कान नकोत. माझ्याकडे आजीची दोन इरकली लुगडी आहेत, एक काळं आणि एक वांगी रंगाचं. शिवाय आईने वेळोवेळी ओटीत दिलेले खणाचे तुकडे पेटीभर. आजीचं वांगी इरकल आणि त्यावरचं कैरी रंगाचं पोलकं मी मेरी ब्लेअर बघायच्या आधी शंभरदा पाहिलंय. त्यामुळे तिची चित्रं मला परकी वाटलीच नाहीत, आणि बाहेरून काही विकत घ्यावंसंही वाटत नाही.

प्रश्न असे:
रंग कसे जुळवू? सगळे भडक घातले की मी लग्नाचा मांडव दिसते.
मेरी स्वतः केप घालायची, आखूड सोनेरी केस, एकदम ऐटीत. मीही केप शिवून घेऊ का? पार्कात चालतो?
आणि राइडखेरीज तिचं काम कुठे बघता येईल?

---

संत्रं_सोलून

केतकी, मी अनाहाइमजवळ अर्व्हाइनला राहते आणि वार्षिक पास असल्यामुळे तिथे पडीक असते. आधी एक महत्त्वाचं: थँक्सगिव्हिंगला जाऊ नकोस. गर्दी सोड, तो वेगळा विषय. नोव्हेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या 'स्मॉल वर्ल्ड'ला नाताळचा साज चढवतात. गाणं बदलतं, आतल्या देखाव्यांवर माळा, दिवे, भेटवस्तू. लोक त्यासाठी मुद्दाम येतात आणि लेकीला आवडेलही. पण तुला जे रंग बघायचेत त्यांच्यावर दुसऱ्याच रंगांचा थर असतो. साज उतरवायला राइड काही दिवस बंदही ठेवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ये.

केपचं. चौदा किंवा त्याहून जास्त वयाच्या कोणालाही पार्कात पोशाख म्हणजे कॉस्च्यूम घालता येत नाही. हॅलोविनसारख्या खास तिकिटाच्या कार्यक्रमांना सूट असते, तेव्हाही केप कंबरेखाली गेलेला चालत नाही. म्हणूनच लोक पात्राचे नुसते रंग साध्या कपड्यांत घालतात, त्याला डिस्नेबाउंडिंग म्हणतात. तू तर पात्र नाही, चित्रकार घालणार आहेस, तुला कोण अडवणार? खांद्यावरून कोपरापर्यंत येणारा आखूड केप शिव, तो सरळ फॅशन म्हणून खपेल. साडीला काहीच हरकत नाही, मी दिवाळीत नेसून गेलेय. फक्त पायघोळ नेसू नकोस, होडीत उतरताना पायरी ओली असते आणि बसायची बाकंही कधीकधी ओली असतात. अशा वेळी नऊवारी सगळ्यात सोयीची, असं माझं प्रामाणिक मत.

वर्षातून दोनदा 'डॅपर डे' म्हणून जुन्या ढंगात नटून येण्याचा दिवस असतो. त्याची तारीख जुळली तर केप, हॅट, हातमोजे, सगळं हौसेने घाल, त्या दिवशी साधे कपडे घातलेलेच वेगळे दिसतात.

आता राइडमध्ये काय बघायचं. युरोपच्या दालनात आयफेल टॉवर येतो. त्याच्यावर मध्यावर एक सोनेरी केसांची बाहुली हातात फुगा घेऊन उभी आहे. ती मेरी. सहकाऱ्यांनी तिला तिथे ठेवली. होडी पुढे सरकते, तेव्हा आधीच मान वर करून बस. आणि बाहुल्यांचे कपडे अ‍ॅलिस डेव्हिसने केलेत, कपड्यांवरून चाललेल्या धाग्यात तिचं नाव यायलाच हवं. शेवटच्या दालनात सगळे देश पांढऱ्या कपड्यांत एकत्र येतात.

पार्कातल्या टुमॉरोलँड विभागात तिची दोन मोठी टाइल्सची भित्तिचित्रं होती, १९६७ ची. शोधू नकोस. एक १९८०च्या दशकात 'स्टार टूर्स' ही राइड आली त्या वेळी झाकलं, दुसरं १९९८ साली. मी तिथून जाते तेव्हा अजूनही चडफडते.

---

भटक्या_खवीस

ते गाणं ऐकायला पैसे देऊन, वर नटून जाणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे.

बाकी, एक खडा टाकतो. ही 'जगभरची मुलं' म्हणजे डच मुलीच्या पायात लाकडी बूट आणि भारत म्हटला की ताजमहाल. रंग कितीही सुंदर असले तरी हे चित्र एका अमेरिकन जत्रेचंच ना?

---

मागावरची

खवीसबुवांच्या खड्याला केतकी उत्तर देईलच. मी कापडाबद्दल बोलते. मी पुण्यात राहते, पण निम्मं आयुष्य इचलकरंजीच्या मागांच्या खडखडाटात गेलंय, छापील कापडाची डिझाइनं करण्यात.

केतकी, तू मांडव का दिसतेस ते सांगते. तू सगळे उजळ रंग एकत्र घेतेस. मेरी ब्लेअर तसं करत नाही. तिची चित्रं फोनवर घे आणि कृष्णधवल करून बघ. दोन गोष्टी दिसतील. एक, चित्राचा मोठा भाग अंधारा असतो: काळा, गडद निळा, शेवाळी, तपकिरी. सिंड्रेलाचे रात्रीचे देखावे किंवा पीटर पॅनचं चांदण्यातलं उड्डाण काढून बघ, उजळ रंग मूठभरच आहेत. दोन, जिथे गुलाबी आणि शेंदरी एकमेकांना खेटून आहेत, तिथे कृष्णधवलमध्ये बऱ्याचदा दोघांचा करडा एकच येतो. उजेड सारखा, रंग वेगळा. म्हणून ते थरथरल्यासारखे दिसतात. एक फिका आणि एक गडद असता तर ते नुसते शेजारी बसले असते.

म्हणजे तुझं काळं इरकल हीच जमीन, मागचा अंधारा भाग. चंद्रकळा असती तर आणखी छान, काळ्यावर लाल काठ, पण इरकलाचा लाल पदर आणि त्यावरचे पांढरे पट्टे काम भागवतील. वांगी लुगड्याला हात लावू नकोस, ते पुढच्या सहलीला. पोलकं खणाचं. पेटीतले सगळे तुकडे पलंगावर पसर आणि पुन्हा कृष्णधवल फोटो काढ. ज्या दोघांचा करडा जुळेल ते दोन निवड, बाकीचे परत पेटीत. एक पाठीला, एक बाह्यांना. मोह आवर, तिसरा रंग फक्त गोंड्यात किंवा काचेच्या बांगड्यांत.

खण शिवताना लक्षात ठेव की पन्हा कमी असतो, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे जुने खण तर फारच अरुंद. केप एका खणात बसणार नाही. उलट ते बरंच आहे. 'स्मॉल वर्ल्ड'ची कल्पनाचित्रं मेरीने रंगीत कागद कापून, चिकटवून केली होती. तूही केप तुकड्यांचा कर: त्रिकोण, चौकडी, अर्धगोल, गोधडीला घालतो तशी ठिगळं. खणावरची बारीक नक्षी जवळून दिसेल, लांबून सपाट रंग दिसेल. अस्तर सुती लाव, खणाचे धागे सुटतात. आणि धुण्याआधी एक कोपरा पाण्यात बुडवून रंग जातो का बघ, जुन्या लालचा भरवसा नाही.

सोन्याची जर शक्यतो टाळ. तिच्या रंगांना चमक लागत नाही.

शेवटच्या पांढऱ्या दालनात काळ्या इरकलातला फोटो कसा येईल, मलाच उत्सुकता आहे. फ्लॅश मारू नकोस म्हणजे झालं.

---

एडिसनचा_गणपा

न्यूजर्सीकरांतर्फे थोडी भर. 'स्मॉल वर्ल्ड' जन्माला आलं आमच्याकडे, १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात, क्वीन्सच्या फ्लशिंग मेडोजला. पेप्सीचा मंडप, युनिसेफच्या मदतीसाठी. सगळं वर्षभराच्या आत उभं केलं. मेरी तेव्हा डिस्नेत नोकरीला नव्हती, १९५३ सालीच सोडली होती. लाँग आयलंडवर ग्रेट नेकला राहून जाहिराती, मुलांची पुस्तकं असं काम करायची. वॉल्टने बोलावून घेतलं. मेळा संपल्यावर राइड उचलून कॅलिफोर्नियाला नेली, तिथे २८ मे १९६६ ला सुरू झाली. दारात डिस्नेच्या रॉली क्रम्पने केलेला १२० फुटी 'चार वाऱ्यांचा मनोरा' होता, तो मात्र नेला नाही, मोडला. आज फ्लशिंगला गेलात तर मेळ्यातला पोलादी पृथ्वीगोल अजून उभा आहे. मंडपाचं काही नाही. तरी चक्कर मारा, सातव्या नंबरची मेट्रो जाते आणि आसपास खायला भरपूर मिळतं.

---

ऑरलँडोची_मावशी

बाई गं, तिचं सगळ्यात मोठं काम इकडे फ्लोरिडात आहे आणि ते बघायला पार्कचं तिकीटही लागत नाही! डिस्नेचं कंटेम्पररी रिसॉर्ट नावाचं हॉटेल आहे, १९७१ चं. आत प्रचंड मोठा दिवाणखाना, त्यातून मोनोरेल आरपार जाते. मधोमध ९० फूट उंचीचं टाइल्सचं भित्तिचित्र, चारी बाजूंनी. ग्रँड कॅन्यनची मुलं, पक्षी, बकऱ्या, फुलं. हाताने रंगवलेल्या अठरा हजारांच्या आसपास टाइल्स आहेत म्हणतात.

मोनोरेलच्या बाजूला वरच्या अंगाला एक बकरी आहे, तिला पाच पाय आहेत. मुद्दाम काढलेत. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेते आणि पाय मोजायला लावते. मॅजिक किंग्डम या इथल्या डिस्ने पार्कातून दहा मिनिटं चालत येता येतं. गाडी लावायला मात्र कधीकधी तिथल्या खाणावळीचं आरक्षण विचारतात, तेव्हा चालतच ये. चौथ्या मजल्यावरून चांगलं दिसतं. येशील तेव्हा कळव, जेवायला घरीच.

---

केतकी_सनीवेल

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. थँक्सगिव्हिंग रद्द. नवऱ्याला सांगितलं की बाहुल्यांवर माळा असतात म्हणून बेत बदललाय. त्याने काही विचारलं नाही, हॉटेलचं भाडं मार्चमध्ये कमी आहे हे बघून खूश झाला.

खवीस, खडा रास्त आहे. ताजमहाल, नऊवारीचा पत्ता नाही, जग एका होडीत आणि सगळ्यांचा चेहरा एकाच साच्याचा. मी ते नाकारत नाही. पण दक्षिण अमेरिकेत जाऊन एका चांगल्या चित्रकाराची अख्खी रंगपेटी बदलली, हेही त्याच बाईत घडलंय. तिने तिकडच्या बाजारांतून, चादरींतून, पोरांच्या टोप्यांतून उचललं आणि त्याचं स्वतःचं काहीतरी केलं. मला तिचा तो भाग घ्यायचाय. लाकडी बूट तुम्ही ठेवा.

मागावरची, कृष्णधवल करून बघितलं आणि पलंगावरून उठवत नाहीये! राणी रंगाचा खण आणि गाजरी खण, दोघांचा करडा डिट्टो. आई व्हिडिओ कॉलवर होती, म्हणाली, "हे दोन एकत्र? तुझ्या आजीने ताबडतोब शिवलं असतं." कैरी रंगाचा खण फारच उजळ निघाला, तो फक्त गोंड्यांना. केपसाठी त्रिकोण कापायला घेतलेत. इथल्या टेलरला नुसता आकार सांगितला तर त्याने मला सुपरहीरोची किंमत सांगितली, म्हणून हातानेच टाके घालतेय. अस्तराला जुनी सुती चादर.

अर्व्हाइनकर, मार्चचा पहिला आठवडा ठरतोय, तुम्ही मोकळ्या असाल तर राइडच्या दारातल्या मोठ्या घड्याळाखाली भेटू. जाताना वाटेत सॅन फ्रान्सिस्को येत नाही हे माहीत आहे, पण प्रेसिडिओतल्या वॉल्ट डिस्ने फॅमिली म्युझियमला आम्ही त्याआधी एका शनिवारी जाऊन येणार आहोत. २०१४ साली तिथे तिचं मोठं प्रदर्शन झालं होतं, तेव्हा मी भारतात होते. कागदावरची चित्रं उजेडामुळे बदलत ठेवतात, म्हणून आधी फोन करून सध्या तिचं काय लावलंय ते विचारून निघू. लॉस एंजेलिसला यूसीएलएच्या ज्यूल्स स्टीन नेत्रसंस्थेतही तिचं एक टाइल्सचं चित्र आहे असं वाचलं. पण तिथे मुलं डोळे तपासायला येतात, आपण केप घालून कुठे मध्ये तडमडायचं? ते सोडून दिलं.

मावशी, बकरीसाठी पुढच्या वर्षी नक्की. वांगी लुगडं तेव्हाच काढते. तिकडच्या दमटपणात इरकल कितपत सोसवतं, तेवढं सांगा.

---

ऑरलँडोची_मावशी

जानेवारीत ये, सोसवतं. जुलैत आलीस तर हॉटेलच्या आतच बस, एसी इतका असतो की केपही लागेल.