मदत हवी आहे : रत्नागिरी शहरात पाहुण्यांना काय दाखवावे? (समुद्रस्नान वगळून)

वाशिष्ठीकाठ
आमच्याकडे अकोल्याहून पाहुणे येत आहेत आणि त्यांना रत्नागिरी दाखवण्याचे माझ्याकडे आले आहे. कुठेही शोधले तरी गणपतीपुळे, आरे-वारे आणि पुन्हा गणपतीपुळे एवढेच हाती लागते. ही मंडळी मागच्या खेपेस हर्णैला समुद्रात मनसोक्त डुंबून गेली, त्यामुळे या वेळी त्यांना किनारा नको, जुने शहर पाहायचे आहे. मुलांना कंटाळा येणार नाही आणि मोठ्यांना काही वेगळे पाहिल्याचे समाधान मिळेल, अशा गोष्टी कृपया लवकर सुचवाव्यात, कारण मला आज-उद्याच खोल्या ठरवायच्या आहेत. गणपतीपुळे सुचवू नये, ही आग्रहाची विनंती.

कुवारबावकर
मंडळी कोणत्या महिन्यात येणार आहेत? वार कोणते? गाडी आहे की रेल्वेने येणार? मुले किती मोठी आहेत आणि सोबत वयस्कर कोणी आहे का? रत्नागिरीचे स्थानक कुवारबावला, म्हणजे शहराबाहेर आहे, त्यामुळे रेल्वेने येणाऱ्याला रिक्षेचा हिशेब आधी करावा लागतो. एवढे कळल्याशिवाय नीट सांगता येणार नाही.

दर्याराजा_मालवण
इतिहासच पाहायचा असेल तर मालवणला या. सिंधुदुर्गासारखा जलदुर्ग दुसरीकडे पाहायला मिळणार नाही. महाराजांनी 1664 साली त्याचे काम सुरू केले. किल्ल्यात शिवराजेश्वराचे मंदिर आहे, आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. मुलांना होडीतून किल्ल्यावर जाण्याचाच आनंद इतका होईल की दुसरे काही दाखवावे लागणार नाही.

वाशिष्ठीकाठ
मालवणबद्दल आदर आहे, परंतु मी रत्नागिरीविषयी विचारले आहे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आहे आणि गाडी आमची आहे. कृपया मुद्द्याचे सांगावे.

थिबा_पॉइंट
रत्नागिरी पाहायची असेल तर एक सूत्र धरून पाहावी, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. ज्यांना दूर ठेवायचे होते त्यांना इंग्रजांनी जिथे आणून ठेवले, ते हे गाव आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला 1885 च्या युद्धानंतर पदच्युत करून आधी मद्रासला आणि 1886 मध्ये रत्नागिरीला आणले. आज आपण ज्याला थिबा राजवाडा म्हणतो ती लाल रंगाची भव्य वास्तू पूर्ण झाली 1910 साली, आणि राजाचे निधन झाले 1916 साली. म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातली जेमतेम सहा वर्षे त्याला या वाड्यात मिळाली. त्याची धाकटी मुलगी 1887 साली रत्नागिरीतच जन्मली. थोरल्या राजकन्येने इथल्याच एका मराठी माणसाशी संसार केला आणि तिचे वंशज मराठी बोलत इथेच वाढले. मुलांना आणखी एक गोष्ट अवश्य सांगावी. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला इंग्रजांनी रंगूनला पाठवले आणि तो 1862 साली तिथेच वारला. आपला बादशहा तिकडे आणि त्यांचा राजा इकडे, हे ऐकले की मुले आपणहून प्रश्न विचारू लागतात.

त्याच सूत्रात सावरकर येतात. अंदमानातून 1921 मध्ये आणल्यावर त्यांना काही काळ रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवले होते, आणि 1924 ते 1937 या काळात त्यांच्यावर रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न जाण्याचे बंधन होते. भागोजीशेठ कीरांनी स्वतःच्या पैशातून बांधलेले पतितपावन मंदिर 1931 सालचे, याच स्थानबद्धतेच्या काळातले आहे. कोणत्याही जातीच्या माणसाला गाभाऱ्यापर्यंत मुक्त प्रवेश असावा, यासाठी ते बांधले गेले. राजवाडा, राजाची समाधी, तुरुंग आणि पतितपावन एवढे पाहिले की शहराचा स्वभाव कळतो.

मिरकरवाडा
थिबा_पॉइंट यांचा अभ्यास मोठा आहे, परंतु लहान मुलांना घेऊन वाडा, समाधी आणि तुरुंग असा दिवस काढला तर संध्याकाळी मुले रडतील. मुलांना पहाटे मिरकरवाड्याच्या जेटीवर न्यावे. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, बर्फाचा चुरा उडत असतो आणि लिलावाचा पुकारा सुरू होतो. बोली एवढ्या वेगाने चढते की मोठ्यांनाही आकडा धरता येत नाही. मासा कुठून येतो हे अकोल्याच्या मुलांना एकदा तरी दिसू द्यावे. जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते, डिसेंबरात ती अडचण नाही. त्यानंतर झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहावे. तिथला देवमाशाचा सांगाडा पाहून मुले बराच वेळ जागची हलत नाहीत.

थिबा_पॉइंट
मासळीचा लिलाव हर्णैलाही होतो आणि पाहुण्यांनी तो मागेच पाहिला असेल. प्रश्न जुन्या शहराचा आहे. मुलांना इतिहास जड जातो हे गृहीत धरणेच मला मान्य नाही. आपण कसे सांगतो यावर ते अवलंबून असते.

मिरकरवाडा
बंदर हेही जुने शहरच आहे. राजवाडे नंतर आले, दर्यावर पोट भरणारी वस्ती त्याआधीची आहे. राजाच्या गोष्टीला माझा विरोध नाही, परंतु ती वाड्यात उभ्या उभ्या सांगण्याऐवजी आदल्या रात्री जेवताना सांगावी.

सडाफिरस्ता
सर्वांत जुने मात्र सर्वांकडून राहून गेले. रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ माळांवर, कातळात कोरलेली प्राचीन चित्रे म्हणजेच कातळशिल्पे आहेत आणि 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातील या शिल्पांचा समावेश झाला. आपण चिपळूणकडून येणार असाल (सदस्यनामातल्या वाशिष्ठी नदीवरून तसा अंदाज बांधत आहे) तर महामार्गावरून आत वळून उक्षीला जावे. तिथे जांभ्या कातळावर हत्ती कोरलेला आहे. त्याच्याभोवती गडगा (दगडांचे कुंपण) घातला आहे आणि उंचावरून पाहण्यासाठी सज्जाही केला आहे, त्यामुळे चित्रावर पाय न पडता पूर्ण आकृती दिसते. आधी मुलांना नुसता कातळ दिसेल. मग एखाद्याला सोंड सापडते, दुसऱ्याला पाय सापडतात आणि एकदम अख्खा हत्ती डोळ्यांसमोर उभा राहतो. हा खेळ कोणत्याही वयाच्या माणसाला आवडतो. पावसाळ्यात सड्यावर पाणी साचते आणि गवत माजते, डिसेंबरात कातळ उघडा असतो.

आंबेशेत
पाहुण्यांना हापूस खायला घालायचा असेल तर डिसेंबर सोडून एप्रिल-मेमध्ये बोलवावे. आता झाडावर फार तर मोहोर दिसेल.

खालची_आळी
आणि शक्य असेल तर फाल्गुनात. शिमग्यात ग्रामदैवत भैरीची पालखी ज्या थाटात शहरातून फिरते, ते पाहिल्याशिवाय रत्नागिरी पाहिली असे आम्ही मानत नाही. पालखी नाचवणाऱ्यांचे खांदे, ढोल आणि दारोदारी वाट पाहत उभ्या असलेल्या माहेरवाशिणी, हे सारे एकदा पाहण्यासारखे आहे. डिसेंबरात पालखी नसली तरी खालच्या आळीत भैरीच्या देवळात पाहुण्यांना जरूर आणावे.

वाशिष्ठीकाठ
पाहुण्यांची रजा ठरलेली आहे, त्यामुळे महिना बदलणे शक्य नाही. आम्ही रविवारी सकाळी चिपळूणहून निघू आणि सोमवारी संध्याकाळी परत फिरू. राजवाडा सोमवारी निवांत, गर्दी नसताना पाहावा असा विचार आहे. मुलगे नऊ आणि तेरा वर्षांचे आहेत. सोबत त्यांची आजी आहे आणि तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार पायऱ्या नकोत.

कुवारबावकर
म्हणूनच मी वार विचारला होता. राजवाड्यातले शासकीय संग्रहालय सोमवारी बंद असते. तुमचा बेत तसाच राहिला असता तर मंडळींना फाटकावरून परतावे लागले असते. राजवाडा रविवारीच पाहावा आणि दुपारी पाचच्या आत पाहून व्हावा, असे गणित मांडा.

चिपळूणहून पहाटे निघा, वाटेत उक्षीचा हत्ती पाहा, हातखंब्याला महामार्ग सोडून शहरात या. जेवण झाले की आधी टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान पाहा. टिळक 23 जुलै 1856 रोजी तिथे जन्मले आणि वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत रत्नागिरीत होते. स्मारकापेक्षाही ते घर पाहण्यासारखे आहे: उतरती कौले, लाकडी खांब, अंगण. अकोल्याच्या पाहुण्यांना जुने कोकणी घर आतून पाहायला मिळेल. तिथून राजवाडा. वाडा पाहताना घाई करू नये. खिडक्यांच्या लाकडी अर्धवर्तुळाकार कमानी आणि मागच्या बाजूची बुद्धमूर्ती पाहायचे बहुतेकांचे राहून जाते. नंतर जवळच थिबा पॉइंटवर जाऊन बसावे. तिथून भाट्याची खाडी आणि राजीवड्याची वस्ती एका नजरेत येते आणि आजींना काहीच चढावे लागत नाही. अंधार पडल्यावर मांडवीच्या जेटीवर भेळ खावी. समुद्रात उतरायचे नसले तरी वारा घ्यायला हरकत नसावी.

सोमवारी सकाळी मुलांना मिरकरवाड्याला न्या आणि आजींना झोपू द्या. त्यानंतर पतितपावन मंदिर आणि मत्स्यालय, आणि उन्हे उतरू लागली की रत्नदुर्ग किल्ला. मिरकरवाडा आणि थिबा_पॉइंट या दोघांचेही म्हणणे यात बसते असे वाटते.

थिबा_पॉइंट
बेत उत्तम आहे. फक्त राजाची समाधी गाळू नये. राजवाड्यापासून ती दूर नाही आणि गाडीने गेल्यास फार वेळ लागत नाही. एवढा मोठा वाडा पाहून झाल्यावर ती साधी समाधी पाहिली तरच गोष्ट पुरी होते.

वाशिष्ठीकाठ
सर्वांचे आभार. सोमवारची गोष्ट कळली नसती तर पाहुण्यांसमोर पंचाईत झाली असती. समाधी रविवारी राजवाड्यानंतर लगेच पाहू. आता दोनच शंका आहेत. रत्नदुर्ग आजींना जमेल का, आणि उक्षीला किती वाजता पोहोचावे?

मिरकरवाडा
रत्नदुर्गाला गाडी बऱ्यापैकी वर जाते, परंतु भगवतीच्या देवळाकडे पायऱ्या आहेतच. किल्ला घोड्याच्या नालासारखा पसरलेला असून तीन बाजूंनी समुद्र आहे, त्यामुळे सगळा फिरायचा म्हटले तर चालही पुष्कळ होते. आजींना हळूहळू देवीच्या दर्शनापर्यंत न्यावे आणि तिथेच सावलीत बसवावे. तेवढ्या वेळात मुलांनी तटावरून चालून घ्यावे. दीपगृह 1867 सालचे आहे आणि ते दुपारनंतर ठराविक वेळातच आत पाहू देतात. ती वेळ सकाळीच विचारून ठेवा, म्हणजे उगाच वर चढून खाली यावे लागणार नाही.

सडाफिरस्ता
उक्षीला आठ-साडेआठपर्यंत पोहोचावे. ऊन तिरपे असले की कोरलेल्या रेषेत सावली पडते आणि हत्ती स्पष्ट उठून दिसतो. माथ्यावर ऊन आले की रेषा कातळात मिसळून जातात आणि सज्जावर उभे राहूनही शोधाव्या लागतात. सड्यावर झाड नाही, म्हणून आजींसाठी छत्री आणि सर्वांसाठी पाणी सोबत ठेवा. मुलांना रेषांवर खडू फिरवू किंवा पाणी ओतू देऊ नका. छायाचित्र चांगले यावे म्हणून काही जण तसे करतात आणि त्याने शिल्पाचे नुकसान होते.

वाशिष्ठीकाठ
समजले. त्या हिशेबाने चिपळूण सहाला सोडतो. खोल्या मारुती मंदिराच्या बाजूला पाहत आहे. गाडी लावायला जागा असलेले निवासस्थान कोणाला ठाऊक असल्यास व्यक्तिगत निरोपातून कळवावे.