गिट: नवशिक्यांना चेकआउट शिकवणं आता थांबवावं का?

मृण्मयी_कोड: टीममध्ये नवीन आलेल्यांना गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकवताना घोडं एकाच जागी अडतं: केलेलं मागे कसं घ्यायचं? 'गिट चेकआउट मेन' लिहिलं की ब्रँच (कामाची शाखा) बदलते. 'गिट चेकआउट -- लॉगिन.जेएस' लिहिलं की त्या फाइलमधलं ॲड न केलेलं (पुढच्या नोंदीसाठी न निवडलेलं) काम पुसलं जातं, तेही काही न विचारता. २०१९ मध्ये गिट २.२३ ने ही दोन कामं 'स्विच' आणि 'रिस्टोर' अशी वेगळी केली. मग पहिल्या दिवशी हेच शिकवावं, चेकआउट नको.

सह्यवारा: असहमत. 'गिट रिस्टोर लॉगिन.जेएस' सुद्धा तितक्याच मुकाट्याने पुसतं. नाव गोड, धोका तोच. कमिट केलेलं (गिटमध्ये नोंदवलेलं) असेल तर हार्ड रिसेटने बदल टाकून मागे गेल्यावरही रिफ्लॉगमधून, म्हणजे गिटच्या हालचालींच्या नोंदवहीतून, परत मिळतं. जे ॲडही केलं नाही ते गेलंच. आधी वर्किंग ट्री (समोरच्या फाइल्स), स्टेजिंग (ॲड केलेले बदल), कमिट हे तीन थर डोक्यात बसवा, मग कुठलीही कमांड चालेल.

मृण्मयी_कोड: थर डोक्यात बसायलाच नावं वेगळी हवीत. 'रिस्टोर --स्टेज्ड' वाचून काय होणार ते कळतं. 'रिसेट'चे सॉफ्ट, मिक्स्ड, हार्ड हे प्रकार पाठच करावे लागतात.

जुना_एसव्हीएन: आणि रिव्हर्ट? गिटसारख्याच जुन्या सबव्हर्जन (एसव्हीएन) या साधनात रिव्हर्ट म्हणजे कमिट न केलेले बदल टाकून देणं. गिटमध्ये मात्र जुन्या कमिटच्या उलट नवी कमिट होते. मर्क्युरिअल या तशाच दुसऱ्या साधनाने त्या कामाला 'बॅकआउट' म्हटलं, ते मला जास्त पटतं. सबव्हर्जन आणि गिट दोन्ही वापरलेल्या माणसाचा गोंधळ होणारच.

निळा_टर्मिनल: नावांवर भांडण्यापेक्षा जुजुत्सु (जेजे) हे नवं साधन बघा. प्रत्येक कमांडआधी ते फाइल्सची नोंद घेतं, त्यामुळे 'जेजे रिस्टोर' चुकलं तरी 'जेजे अनडू'ने काम परत येतं. खरी सोय ही.

सह्यवारा: पुश झालेलं, म्हणजे सर्व्हरवर पाठवलेलं, मात्र त्यानेही तिथून मागे घेतलं जात नाही. सहकाऱ्याने ते पुल करून (उतरवून) घेतल्यावर कसलं अनडू?

मृण्मयी_कोड: तिथे रिव्हर्टच, मान्य. पण पुसण्याआधी जपून ठेवणं हे गिटच्या रिस्टोरनेही करायला हवं, या मुद्द्यावर तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय. तोवर मी 'गिट स्टॅश पुश -- लॉगिन.जेएस' आधी शिकवणार. फाइल साफ होते आणि काम स्टॅशमध्ये, म्हणजे गिटने बाजूला जपलेल्या साठ्यात, राहतं.