‘जादा कर’, ‘अधिभार’ आणि ‘अतिरिक्त नफा कर’

प्रश्न : कोविडच्या महासाथीनंतर मोठ्या कंपन्यांनी अधिक कर भरावा, अशी मागणी अनेक देशांत झाली. तिच्याविषयीच्या मराठी लेखनात ‘जादा कर’, ‘अधिभार’, ‘अतिरिक्त नफा कर’ आणि क्वचित ‘घबाड कर’ (अचानक झालेल्या मोठ्या नफ्यावरचा कर) असे शब्द दिसतात. ते एकमेकांच्या जागी चालतील का?

उत्तर १ : चालणार नाहीत, कारण प्रत्येक शब्दाने कर भरणारा बदलतो. ‘अधिभार’ आधीच आकारलेल्या कराच्या रकमेवर टक्केवारीने लागतो. महासाथीत कंपनीचा नफा वाढला की घटला, याची तो चौकशी करत नाही. ‘जादा कर’ हा शब्द तर इतका सैल आहे की त्यात दरवाढही बसते. ब्रिटनने मार्च २०२१ मध्ये कंपनी कराचा मुख्य दर १९ वरून २५ टक्के करण्याचे जाहीर केले आणि एप्रिल २०२३ पासून तो लागू केला. ही झाली दरवाढ, आणि ती महासाथीत होरपळलेल्या कंपनीलाही नंतर नफा होताच लागू होते. ‘अतिरिक्त नफा कर’ मात्र नेहमीच्या नफ्याहून जो वाढीव भाग असेल, तेवढ्यावरच बसतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ब्रिटनने असा कर ५० टक्के दराने बसवला आणि १९१७ मध्ये तो ८० टक्क्यांवर नेला. तुलनेसाठी युद्धापूर्वीचा नफा धरला जाई. ज्यांचा तो नफा फारच कमी होता, त्यांना भांडवलाच्या ठरावीक टक्के रक्कम हाच नेहमीचा नफा धरण्याचा पर्याय होता.

उत्तर २ : ‘घबाड कर’ मला पटत नाही. पंचांगातला घबाड मुहूर्त शुभच, परंतु आजच्या वापरात ‘घबाड हाती लागले’ म्हटले की लबाडीचा वास येतो. टाळेबंदीत दुकाने बंद असताना ऑनलाइन विक्रेत्यांकडे ग्राहक वळले, यात त्यांची लबाडी नव्हती. अॅमेझॉनचा निव्वळ नफा २०१९ मध्ये सुमारे ११.६ अब्ज डॉलर होता, तो २०२० मध्ये सुमारे २१.३ अब्ज झाला. अशा वाढीवर कर बसवण्यासाठी ‘नफेखोरी’चा आरोप सिद्ध करावा लागत नाही, आणि तसा आरोप ध्वनित करणारा शब्द वापरला की चर्चा कराऐवजी चारित्र्यावर घसरते.

उत्तर ३ : मला खरी अडचण ‘मोठ्या’ या विशेषणात दिसते. कंपनी उलाढालीने मोठी की नफ्याने? विमान कंपन्यांची उलाढाल प्रचंड असते, पण २०२० मध्ये त्या तोट्यात बुडाल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी मान्य केलेला किमान १५ टक्के कर ७५ कोटी युरोंहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी आहे. तो करचुकवेगिरीच्या आश्रयस्थानांना आळा घालण्यासाठी असून त्याला ‘महासाथीचा कर’ म्हणणे सरळ चूक आहे. म्हणून ‘मोठ्या कंपन्यांवर जादा कर’ याऐवजी ‘महासाथीत वाढलेल्या नफ्यावर एकवेळचा कर’ असे लिहावे. तशी मागणी मला न्याय्य वाटते, सरसकट दरवाढ तितकी नाही.

प्रश्नकर्ता : मग ज्या औषध कंपनीने वर्षानुवर्षे संशोधनावर खर्च केला आणि महासाथीतच तिला फळ मिळाले, तिचा नफा ‘अतिरिक्त’ म्हणावा का?

उत्तर ३ : हिशेबाच्या अर्थाने म्हणावा, ‘अनर्जित’, म्हणजे कष्टाशिवाय मिळालेला, मात्र म्हणू नये. आधीच्या वर्षांतला संशोधनखर्च वजा करण्याची मुभा कायद्यात स्वतंत्रपणे लिहावी लागेल. ते काम ‘अतिरिक्त’ या विशेषणाने होणार नाही.